कपाटातला श्वास

१

भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या पांढऱ्या पाइपच्या तोंडात फौजदाराने दोन बोटं घातली आणि जांभळ्या फुलांचा एक फडका ओढून काढला.

"घ्या," तो म्हणाला. "म्हातारा कशाने मेला, ते हे."

तपासनीस बाई गॅलरीच्या दारात उभी होती. हातात हत्यारांची पेटी, गळ्यात ओळखपत्र, आणि सकाळी सकाळी कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा चेहरा. गॅसच्या यंत्राने माणूस मेला की तिला बोलावणं येई. दुसरा तपासनीस पाय मोडून घरी पडला होता, नाहीतर आज तिने या इमारतीत पाऊलही टाकलं नसतं. कारण खाली जिन्यात, हवालदाराच्या पायाशी बसवून ठेवलेला माणूस तिचा नवरा होता. आता नव्हता, पण होता.

त्याचा धंदा बॉयलर बसवण्याचा. गिऱ्हाईक कुणीही असो, तीच वाक्यं, तेच विनोद, त्याच जागी तेच हसणं. अख्खा बाजार त्याला पोपट म्हणायचा. वर येताना दोघांची गाठ पडलीच होती.

"तुला पाठवलं?" पोपट म्हणाला होता. "झालं. मेलोच मी."

"तू नाही मेलास. मास्तर मेले. तोंड बंद ठेव."

मास्तर म्हणजे या घराचे मालक, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. पहाटे त्यांचा मुलगा कामावरून परतला तेव्हा ते अंथरुणात होते, गाल गुलाबी, अंग गार. डॉक्टरने एका नजरेत सांगितलं, विषारी वायू. गॅस अर्धवट जळला की तयार होतो, त्याला वास नाही आणि रंगही नाही. बॉयलर मास्तरांच्या पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीतल्या कपाटात. मागच्या हिवाळ्यात पोपटाने बसवला होता आणि कालच दुपारी येऊन साफ करून गेला होता.

फौजदाराने फडका हलवला. "वरच्या मजल्यावरच्या काकूचा आहे. कबूल केलंय तिने. या पाइपची वाफ तिच्या खिडकीवर जाते म्हणून वर्षभर भांडतेय. एक दिवस बोळा कोंबीन, असं सगळ्या बिऱ्हाडांसमोर ओरडलीये. तिचा बोळा आणि पोपटाचं भिकार यंत्र. दोघांना एकाच गाडीत घालतो."

"द्या इकडे."

बाईने फडका मुठीत दाबला. मग नाकाला लावला. त्याला लाकडाच्या पॉलिशचा आणि धुळीचा वास येत होता.

"कोरडा आहे," ती म्हणाली.

"मग?"

"मग तुमची अक्कल चरायला गेलीये. हा नव्या जातीचा बॉयलर. धुरातली ऊब पिळून घेतो, बाहेर टाकतो ती नुसती कोमट वाफ. पाइपच्या तोंडाशी हात धरला तर हात ओला होतो. फडका रात्रभर इथे असता तर चिंब असता, या थंडीत गोठून लाकूड झाला असता. आणि तोंड बुजलं की हा बॉयलर आपसूक बंद पडतो. घर गारठतं, माणूस मरत नाही. बॉयलर थांबल्यावर कुणीतरी हा कोंबलाय."

फौजदाराने पाइपकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला, आणि बाईला ते आवडलं नाही.

"म्हणजे काकू सुटली. म्हणजे वाफ आतच गळली. म्हणजे जोडणी कच्ची, आणि यंत्राला शेवटचा हात पोपटाचा. उपकार झाले, बाई. संध्याकाळी त्याला आत टाकतो."

एका तोंडाळ बाईची मान सोडवताना तिने फास पोपटाच्या गळ्यात अडकवला होता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला वाईट वाटलं नाही.

२

खोलीतल्या भिंतींवर मास्तरांची चित्रं होती. जलरंगातली झाडं, जलरंगातले डोंगर. आता डोंगर ओघळून झाडांवर आले होते, कागद फुगून चौकटीतून सुटले होते. रात्रभर ही खोली न्हाणीघर झाली होती. एरवी काकूच्या खिडकीवर जाणारी वाफ काल इथे कोंडली होती, आणि वाफेबरोबर बाकीचंही.

तिने कपाट उघडून पाहिलं. बॉयलर बंद. त्याच्या डोक्यातून दोन पांढरे बेंड, म्हणजे कोपरासारखे वाकडे तुकडे, शेजारी शेजारी निघून भिंतीतल्या पाइपांत शिरत होते. एकातून बाहेरची हवा आत यायची, दुसऱ्यातून जळालेली बाहेर जायची. दोन्ही घट्ट बसलेले. गळायला फट म्हणून नव्हती.

तिने ते उपसले नाहीत. यंत्र कुठे पळून जात नाही, माणसं मात्र तासाभरात आपापली गोष्ट घोटून तयार होतात.

"ताई, बसा ना," मुलगा म्हणाला. त्याने खुर्ची पुसून पुढे केली. सकाळपासून तिच्याशी सरळ बोललेला हा पहिला माणूस.

"रात्री कुठे होतात?"

"शीतगृहात, ताई. रात्रपाळी असते माझी. संध्याकाळी निघालो तेव्हा बाबा झोपले होते. खिडक्या लावल्या, पांघरूण नीट केलं. पहाटे येऊन बघतो तर खोलीत नुसती वाफ." त्याचा आवाज ओला झाला. "खिडक्या उघडल्या, बॉयलरचं बटण बंद केलं, बाबांना हलवलं. मग ओरडतच सुटलो."

"बटण सोडून यंत्राला हात लावलात?"

"छे हो."

"आणि काल हा फिटर आला तेव्हा?"

"पाळी करून आलो होतो, मेल्यासारखा झोपलो होतो. दार बाबांनीच उघडलं. मी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नाही." त्याने डोळे पुसले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही, ताई. पण त्याने काहीतरी सैल ठेवलं असणार. उष्टी हवा परत आत गेली की बॉयलर पिसाळणारच ना."

बाईचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. मुलगा गरीब चेहऱ्याने बसला होता.

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "पिसाळणारच."

३

दारातच तिला सून आडवी आली. हातात पिशवी, पायात अजून चपला. निरोप मिळताच माहेराहून पहिल्या गाडीने आली होती.

"रडून दाखवू का?" सून म्हणाली. "येत नाहीये. सासरे खवट होते, कानाने ठार बहिरे होते, कानाचं यंत्र लावायला सांगितलं की ताट ढकलायचे. पण या घरात मला जेवलीस का म्हणून विचारणारे तेवढेच होते."

"नवरा विचारत नाही?"

"नवऱ्याचं जेवण दुसऱ्या घरी असतं." तिने आत बसलेल्या माणसाकडे पाहिलंही नाही. "म्हणून तर मी माहेरी गेले होते. आणखी काही?"

"घराची किल्ली तुमच्याकडे असते?"

"असते. आणि माझी आई, तीन भावजया आणि एक बोलघेवडी आत्या, एवढ्या जणींनी मला रात्री घोरताना ऐकलंय. एकेकीला विचारा, कंटाळाल."

बाई जिना उतरली. पोपट गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसला होता. हवालदार दाढ कोरत होता.

"काल इथे काय बडबडलास ते म्हण. शब्द न् शब्द."

"आत्ता? इथे?"

"म्हण."

पोपटाने घसा साफ केला. अटक डोक्यावर होती तरी त्याच्या आवाजात गिऱ्हाइकापुढची लकब आलीच. "हे बघा साहेब, याला एक नाक, एक तोंड. नाकाने बाहेरची ताजी हवा घेणार, तोंडाने बाहेर सोडणार. तुमच्या खोलीतला श्वास याला नको आणि याचा श्वास तुम्हाला नको. मात्र स्वतःचीच उष्टी हवा परत प्याला, की हा पिसाळला म्हणून समजा. मग घरात देवसुद्धा वाचणार नाही."

"कुणाला सांगितलंस हे?"

"मुलाला. म्हाताऱ्याला काय सांगणार? त्याच्या कानाशी तोफ डागली तरी तो 'काय?' म्हणायचा. पोरगं मात्र कपाटात डोकं खुपसून बसलं होतं. हे निघतं का, हातानेच निघतं का, पाना लागतो का. मला वाटलं, हौशी दिसतोय."

"तो म्हणतो, तो झोपला होता."

"खोटं बोलतोय!"

"तूही बोलायचास. डोळ्यांत डोळे घालून बोलायचास."

बाई दोन पायऱ्या चढून थांबली. 'उष्टी हवा' हा शब्द मुळात तिचा होता. तपासनीसाच्या परीक्षेला बसली होती तेव्हा स्वयंपाकघरात पाठ करता करता तिला सुचलेला. या माणसाने तो उचलला, स्वतःच्या पोपटपंचीत घातला आणि गावभर मिरवला. गावातला दुसरा कुठलाही फिटर असं बोलत नव्हता. मास्तरांच्या कानात तो शिरणं शक्य नव्हतं. मग झोपलेल्या मुलाच्या तोंडात तो आला कुठून?

वर फौजदाराने ऐकून घेतलं आणि जांभई दिली.

"एका शब्दावर? तोही तुमच्या नवऱ्याच्या तोंडचा? बाई, उद्या गावभर होईल की जुनं प्रेम उफाळून आलं."

"प्रेम?" बाई म्हणाली. "त्याला फाशी झाली तर दोर मी विकत आणून देईन. पण केल्याबद्दल. न केल्याबद्दल नाही."

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे तुम्हाला," फौजदार म्हणाला.

४

वरच्या काकूने दार साखळीएवढंच उघडलं.

"तो फडका माझाच आहे, सांगितलं ना त्या ढेरपोट्याला! पुन्हा काय?"

"फडका तुमचा आहे हे कळलं. तो तुमच्याकडून गेला कधी, हे विचारायला आले."

साखळी निघाली. हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. फौजदाराने हा तुझा का म्हटलं, तिने हो म्हटलं, पुढे दोघंही ओरडत राहिले.

"आज सकाळी गेला. मी उठते, चहा टाकते, कपाटं पुसते आणि फडका झटकून कठड्याला अडकवते. रोजचं आहे माझं. वाऱ्याने पडतो खाली त्यांच्या गॅलरीत. म्हातारा कधी आणून द्यायचा नाही मेला."

"मेलेच ते," बाई म्हणाली.

काकू क्षणभर वरमली. "तसं नव्हे गं."

"हा आजचाच कशावरून? मागे कधी पडलेला असेल."

"वा! असेल कसा?" काकू तणतणत आत गेली आणि एक जुना गाऊन घेऊन आली. जांभळी फुलं. खालचा घेर वाकडातिकडा फाडलेला. "जुना फडका भोकं पडून गेला होता. आज सकाळीच हा फाडला. चहा उकळत होता तेव्हा. चहाचं पातेलं अजून घासायचंय, बघायचं तर बघ. आणि फडका अडकवून आत आले, चहा संपवला, तोच खालून हा बोंबलला, बाबा गेले, बाबा गेले म्हणून."

बाईने घेर उलगडला. फाटलेली कड तिने मनातल्या मनात खालच्या फडक्याला लावून पाहिली. एक फूल बरोबर मधून चिरलेलं होतं. त्याचा दुसरा अर्धा फौजदाराच्या पिशवीत होता.

"आधी का नाही सांगितलंत?"

"मला खुनी म्हणणाऱ्याला मी कशाला मदत करू?"

बाईलाही असंच वाटलं असतं.

"काल रात्री काही ऐकलंत?"

"रात्री काही नाही. पण परवा सगळं ऐकलं. बहिऱ्याशी बोलायचं म्हणजे ओरडून, आणि बहिरा स्वतःही ओरडूनच बोलतो. मला भिंतीला कान लावावा लागत नाही. म्हातारा मुलाला सांगत होता, तू तिला टाकून त्या दुसरीकडे जातोस तर जा, हे घर मी सुनेच्या नावावर करतोय, वकिलाला बोलावलंय. मुलगा इतकंच म्हणाला, बघू. खालच्या घरात खुट्ट झालेलं मला कळतं, आणि कळलं की मी जाऊन शिव्या घालून येते. काल रात्री मात्र शांत. खिडकीसुद्धा स्वच्छ होती. वर्षात पहिल्यांदा रस्त्यावरचा दिवा दिसला मला. म्हटलं, सुटले एकदाची वाफेतून."

तिने गाऊन छातीशी धरला. "म्हणजे तेव्हाच का गं तो खाली..."

बाईने मान डोलावली. गाऊन मागून घेतला आणि निघाली.

५

"सगळे इथे उभे राहा," तिने कपाटासमोर सांगितलं. फौजदार, सून, मुलगा आणि वर आणलेला पोपट. काकू कुणी न बोलावता आली होती.

बाईने हातमोजे घातले, रबरी कडी सैल केली आणि एक बेंड उपसला.

"पोपट, हा कुठला?"

"तोंडाचा. जळालेली हवा जाते तो."

"फौजदार, आत बघा."

फौजदाराने डोळा लावला. "धूळ आहे. आणि कोळ्याचं जाळं."

"कोरडं?"

"खडखडीत."

तिने दुसरा उपसला. हा बाहेरची हवा आत घेणारा, याला पाणी माहीतच नसायला हवं. तिने तो उलटा केला आणि फौजदाराच्या बुटावर चार थेंब पडले.

"अदलाबदल!" पोपट ओरडला. "हे मी नाही..."

"तूच केलीस, काल," फौजदार म्हणाला. "साफ करून उलटे बसवलेस."

"तसं असतं तर बॉयलर काल दुपारपासून याच कोरड्या बेंडमधून वाफ ओकत राहिला असता," बाई म्हणाली. "हे जाळं पहिल्या मिनिटाला वाहून गेलं असतं. जाळं शाबूत आहे. म्हणजे हे बेंड असे उलटे बसल्यावर बॉयलर एकदाही चालला नाही. चालला नाही कधीपासून? पहाटे बटण बंद झालं तेव्हापासून. म्हणजे बेंड बसवले गेले बटण बंद झाल्यावर. आणि बसवावे लागले, कारण रात्रभर ते निघालेले होते."

तिने दोन्ही बेंड पलंगाच्या कडेला ठेवले.

"काल संध्याकाळी मास्तर झोपले. ऐकू येत नव्हतं, त्यामुळे कपाटाचा आवाज त्यांना जागं करणार नव्हता. कुणीतरी दोन्ही बेंड हाताने उपसून बाजूच्या खोलीत ठेवले, खिडक्या लावल्या आणि कामावर गेलं. बॉयलर याच खोलीत श्वास सोडत राहिला आणि याच खोलीतून घेत राहिला. प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा घाणेरडा. पहाटे परत येऊन खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, बेंड बसवले. घाईत, चुकीच्या जागी. दिसायला ते जुळे आहेत. फिटर चुकला नसता. आणि मग वरून पडलेला फडका दिसला, तेव्हा डोकं आणखी चाललं. काकूची धमकी सगळ्या इमारतीला माहीत होतीच."

तिने गाऊन फौजदाराच्या हातात दिला. "फडका याला लावून बघा. आज सकाळी चहा उकळताना फाडलाय. तेव्हापासून आरडाओरडा होईपर्यंत या घरात दोनच माणसं होती. एक बोलत नाही."

मुलगा हसायचा प्रयत्न करत होता. "ताई, तुम्ही दमला आहात. फायदा कुणाचा ते बघा ना. बाबा घर हिच्या नावावर..."

तो थांबला. सुनेने सकाळपासून पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"घर माझ्या नावावर?" ती म्हणाली. "मला तर कुणी बोललं नाही."

"करणार होते," काकू मागून म्हणाली. "वकील उद्या यायचा होता. या पोरीला मास्तर जिवंत हवे होते रे, उद्यापर्यंत तरी."

"हवे होते," सून म्हणाली. "उद्यानंतरही."

मुलाने बाईकडे पाहिलं. 'ताई' आता तोंडातून गेलं होतं. "तू मघाशी काहीच बोलली नाहीस. सगळं ऐकून घेतलंस."

"एक शब्द ऐकला. उष्टी हवा. झोपेत शिकलास का?"

फौजदाराने त्याचा दंड धरला. माफी त्याने कुणाचीच मागितली नाही. काकूचीही नाही.

६

जिन्यात पोपट मनगटं चोळत उभा होता. चेहऱ्यावर जुनं, गिऱ्हाइकापुढचं हसू परतलं होतं.

"मानलं तुला," तो म्हणाला. "माझ्यासाठी एवढं केलंस..."

"तुझ्यासाठी काही केलं नाही. परवाना काढ."

"काय?"

"बॉयलर बसवायचा परवाना. पाकिटात असतो, डाव्या कप्प्यात. काढ."

"अगं, मी निर्दोष आहे, तूच सिद्ध केलंस!"

"कपाट झोपायच्या खोलीत असलं की वायूचा अलार्म लावायचा, हा नियम तुला माझ्या आधी पाठ होता. भिंतीवर खिळासुद्धा नाही."

पोपटाने दोन्ही हात पसरले. त्याला खरोखरच कळत नव्हतं. "बहिऱ्या माणसाला अलार्म काय कामाचा? सांग ना. किंचाळला असता रात्रभर, म्हाताऱ्याला पत्ता नसता. उगाच कशाला लावायचा?"

बाईने त्याच्या खिशातून पाकीट स्वतःच काढलं. डाव्या कप्प्यात परवाना होता. तो तिने पेटीत टाकला आणि कडी लावली.

"वरची बाई बहिरी नव्हती," ती म्हणाली. "खुट्ट झालं तरी ती खाली येते. शिव्या घालायला का होईना, काल रात्रीही आली असती. दार बडवलं असतं, इमारत उठवली असती. म्हातारा तिच्या शिव्या खाऊन जगला असता."

वर कुठेतरी काकू मोठमोठ्याने रडत होती. सगळ्या जिन्यात ऐकू येत होतं.